आईच्या वाटणीचा बर्फ

आमच्या घरी माणसं लांबून लांबून यायची आणि आम्ही कुठेच जायचो नाही. गणपतीपुळ्याला देवळाकडून मालगुंडच्या रस्त्याला लागलं की चढावर आमचं घर होतं. चिऱ्याचं, कौलारू, पुढे शेणाने सारवलेलं खळं, आणि खळ्याच्या डाव्या अंगाला वडिलांनी मागाहून बांधून काढलेल्या दोन खोल्या. त्या खोल्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी. तेव्हा पुळ्यात आजच्यासारखी हॉटेलं नव्हती. एसटीतून उतरलेलं कुटुंब देवळापाशी चौकशी करायचं, कोणीतरी आमच्या घराकडे बोट दाखवायचं, आणि थोड्याच वेळात आमच्या पायरीशी वळकट्या, पत्र्याच्या बॅगा, पाण्याचे फिरकीचे तांबे आणि वाळूने भरलेल्या चपला येऊन पडायच्या. आई पदराला हात पुशीत बाहेर यायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "कुठून आलात?" दुसरा प्रश्न माणसं किती नि जेवणार काय, हा असायला हवा होता. तो तिला आठवायला वेळ लागे. आधी तिला त्यांचं गाव पाहिजे असायचं.

घरात आम्ही तिघं. आई, मी आणि आजोबा. आजोबा म्हणजे वडिलांचे वडील. मी नववीत असताना एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली, आणि तेव्हापासून ते पडवीतल्या बाजेवर होते. बोलणं जड झालं होतं, पण ऐकू सगळं यायचं. काही हवं असलं की ते डाव्या हातातल्या काठीने बाजेच्या पायावर टकटक करायचे. माझ्या त्या वयाचा आवाज कुठला म्हणून कोणी विचारलं, तर समुद्राच्याही आधी मला ती टकटक ऐकू येते. त्यामागोमाग आईच्या पावलांचा आवाज. वडील मुंबईला एका छापखान्यात होते. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आंब्याच्या वेळी यायचे, एरवी पत्रं. म्हणजे आजोबांना उठवणं, पुसणं, भरवणं, कूस बदलून देणं, दोन खोल्यांची झाडलोट, पाहुण्यांची जेवणं, विहिरीचं पाणी, हे सगळं आईवर. मी रत्नागिरीला कॉलेजात जायला लागले होते. पहाटेच्या गाडीने जायची आणि दुपार कलताना परत यायची. घरी आले की पाटावर बसून नारळ खवायचा, हे माझं काम. नारळ आमच्याकडे किती खवला जाई त्याला मापच नव्हतं. मोदकांना, सोलकढीला, फणसाच्या भाजीवर, घावनांबरोबरच्या गोड रसाला. माझ्या उजव्या तळहाताला त्या दिवसांचा एक घट्टा अजून आहे.

पाहुणे जेवायला बसले की आई वाढता वाढता त्यांना बोलतं करायची. "तुमच्याकडे बघण्यासारखा काय काय हाय वो?" असा तिचा प्रश्न. बायका आधी लाजायच्या, मग सांगायला लागायच्या. एकीने म्हैसूरच्या राजवाड्यावरचे दिवे सांगितले. औरंगाबादच्या एका मास्तरांनी वेरूळचं देऊळ वरून खाली कसं कोरत आणलंय ते ताटातल्या भाताचा ढीग करून दाखवलं, आणि आई हातात आमटीचं भांडं तसंच धरून बघत राहिली. एका म्हाताऱ्या जोडप्याने राजस्थानात मुलाकडे राहून आल्याची हकीकत सांगितली. तिथे डोळे फिरतील एवढी वाळू आणि पाण्याचा थेंब नाही. आई म्हणाली, "आमच्याकडे वाळूबी हाय नि पाणीबी हाय, तरी आमाला तिथं बसायला वेळ नाय." सगळे हसले. निघताना पाहुणे हमखास म्हणायचे की तुम्ही अगदी स्वर्गात राहता. आई त्यांना म्हणायची, "स्वर्गात ऱ्हायचा म्हंजे भांडी घासायचीच काय वो?" आणि स्वतःच आधी हसायची.

ती चौथीपर्यंत शिकलेली. स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतल्या बाजूने तिने पेन्सिलने गावांची नावं लिहून ठेवली होती. पाहुणे गेले की ती लिहायची, एकाखाली एक, गोल गोल अक्षरांत. म्हैसूर. वेरूळ. जगन्नाथपुरी. वाळू (राजस्थान). आणि सगळ्यांत वर, नंतर जागा करून मोठ्या अक्षरांत लिहिलेला एकच शब्द होता, बर्फ. गावाचं नाव नाही, नुसतं बर्फ. मी एकदा विचारलं होतं, "अगं, पण कुठला बर्फ?" ती म्हणाली, "जिथला आसंल तिथला." ती स्वतः तोवर रत्नागिरीपलीकडे फक्त एकदा गेली होती, मुंबईला, लग्नानंतर आठ दिवस. त्यातले पाच दिवस ती तापाने पडून होती.

बर्फ तिच्या डोक्यात भरवला तो सोलापूरच्या बाईंनी. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, उंच, जाड भिंगाचा चष्मा, दरवर्षी डिसेंबरात यजमानांना घेऊन यायच्या आणि चार दिवस राहायच्या. त्यांना आम्ही बाईच म्हणायचो. त्या मैत्रिणींचा घोळका जमवून दर मे महिन्यात कुठे ना कुठे जात आणि फोटोंचा आल्बम आमच्याकडे घेऊन येत. त्या वर्षीच्या आल्बमात सगळंच पांढरं होतं. आईने तो मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ पान उलटलं नाही.

"ह्यो बर्फ? असा?" ती म्हणाली. "मी बघितलाय तो लादीचा, रत्नागिरीला धक्क्यावर. भुशात गुंडाळलेला."

"तो वेगळा," बाई म्हणाल्या. "हा भुसभुशीत असतो. आकाशातून पडतो ना."

"कापसासारखा?"

"कापसासारखा नाही." बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मी खवत होते त्या नारळाकडे त्यांनी हात केला. "हे बघा, हे किसलेलं खोबरं आहे ना, काहीसं असं."

आईने ताटातलं मूठभर खोबरं उचललं, आणि बाईंच्या लक्षात येऊ न देता ते हातात घोळवत बसली. मी बघत होते. बाई म्हणाल्या, "एकदा चला हो माझ्याबरोबर. किती वर्षं नुसतं विचारताय." आई खोबरं मुठीत घेऊनच उठली. त्या रात्रीच्या जेवणात खोबरं कमी पडलं, एवढं मला आठवतं.

ठरलं कसं, ते मला आज नीट सांगता येत नाही. बाईंची पत्रं येऊ लागली. मनालीला जायचं, तिथून पुढे रोहतांगला हातात धरता येईल असा बर्फ असतो, अठरा दिवस, आईची जागा धरलेली आहे. वडिलांनी कळवलं की मे महिन्यात मी रजा घेऊन येतो, बाबांचं मी बघीन, तू जाऊन ये. हे त्यांनी पत्राच्या शेवटी लिहिलं होतं आणि आईने ते मला दोनदा वाचायला लावलं. एप्रिलमध्ये बाईंनी पार्सलने एक स्वेटर पाठवला, स्वतः विणलेला, लालसर रंगाचा आणि गळ्याला पांढरी किनार. भर उन्हाळ्यात, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या असताना आईने तो लुगड्यावरून चढवला आणि खळ्यात येऊन उभी राहिली. शेजारची काकी हसून हसून खाली बसली. आई आजोबांपुढे जाऊन म्हणाली, "मामंजी, कशी दिसतंय?" आजोबा तोंडाच्या एका बाजूने हसले. ते आजारानंतरचं त्यांचं मी पाहिलेलं एकच हसू.

निघायला आठ दिवस होते तेव्हा वडिलांचं पत्र आलं. छापखान्यात मोठं काम निघालं होतं, रजा मिळत नव्हती. आई चुलीपुढे बसून भाकऱ्या करत होती. पत्र तिने चुलीच्या कडेला ठेवलं आणि भाकरी उलटली.

"शालू," ती म्हणाली, "तुझी परीक्षा झालीय. तू करशील काय गो? पाहुण्यांना नको म्हणून सांगूया. फक्त आजोबांचा बघायचा."

"जेवणाचं करीन," मी म्हणाले.

"जेवणाचा नाय. बाकीचा. उचलायला शेजारचे येतील, ते मी सांगून ठेवतंय. पण आंघोळ, नि..."

मी एकोणीस वर्षांची होते. हे कारण म्हणून सांगत नाही, सबब म्हणूनही नाही. मी होते तशी सांगते. मी म्हणाले, "मला ते नाही जमणार. मला शिसारी येते त्याची." आणि हे मी हळू आवाजात म्हणाले नाही. स्वयंपाकघर आणि पडवी यांच्यामध्ये एक कुडाची भिंत, तीही अर्ध्या उंचीची. आई एकदम माझ्याकडे वळली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं, पण उशीर झाला होता. त्या दिवशी दुपारभर, संध्याकाळभर पडवीतून टकटक आली नाही. आजोबांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. आईच अधूनमधून उठून त्यांच्याकडे जात होती, विचारत होती, आणि ते मान हलवून नको म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती मला म्हणाली, "तुझा बरोबर हाय. तुझा वय नाय ता करायचा." मग घागर कडेवर घेताना म्हणाली, "बाईंनी जागा धरून ठेवलेली हाय. ती रिकामी कशाला जायला पायजे? तू जा. तू बघितलास काय नि मी बघितला काय, सारखाच."

मी म्हणाले, "असं कसं, तुझी जागा ती."

"जा गो," ती म्हणाली.

मी पुन्हा नको म्हटलं नाही. एकदाच म्हटलं होतं, तेही घरी चालत येता येता. दुपारी मी वडिलांची जुनी बॅग धुऊन वाळत घातली. आता साठी उलटल्यावर मी स्वतःला कितीदा विचारते, की शिसारी येते असं म्हणताना मला पुढचं ठाऊक होतं का. आई मलाच जा म्हणेल, हे कुठेतरी मला कळलेलं होतं का. दर वेळी मी नाही म्हणते, आणि दर वेळी ते ‘नाही’ जरा हलकं पडतं.

एसटीच्या थांब्यावर ती मला सोडायला आली. बरोबर तांदळाच्या पिठाचे लाडू, लोणच्याची बरणी आणि तो स्वेटर. मला तो खांद्यात सैल होत होता. गाडी सुटताना ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "एवढाच कर. नुसता बघून येऊ नको. हातात धर नि कसा लागतो ता मला सांग."

पुण्याहून बाईंच्या घोळक्याबरोबर रेल्वे, मग दिल्ली, मग डोंगरातली बस. मी सोडून सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या बायका. त्यांनी माझे लाड केले. सगळं पहिलंच होतं. रेल्वे पहिली, रेल्वेतला मातीच्या कुल्हडातला चहा पहिला, दगडांवरून गर्जना करत जाणारी नदी पहिली. मनालीला आमच्या उतरायच्या जागेच्या गच्चीवरून डोंगरांच्या माथ्यावर पांढरं दिसत होतं. मी पोचल्या दिवशी बघून म्हटलं, तो बर्फ. मग तासाभरात त्याची सवय झाली.

रोहतांगच्या दिवशी आम्ही भल्या सकाळी निघालो. वाटेत एका टपरीवर भाड्याने लांब केसाळ कोट आणि गमबूट मिळत होते. आम्ही सगळ्यांनी ते चढवले आणि तिथेच एका फोटोवाल्याने आमचे फोटो काढले, मागे लांबवर डोंगर. तिथून दोन-तीन वळणं गेलो असू, तर पुढे गाड्यांची रांग. वर दरड कोसळली होती. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. बायकांनी चिवड्याचे डबे काढले, गाण्याच्या भेंड्या झाल्या, चहा झाला. मग ड्रायव्हर खाली उतरून पुढे जाऊन आला आणि त्याने गाडी मागे वळवली. दुसऱ्या दिवशी परतीचा प्रवास होता. बाईंना वाईट वाटलं. त्या मला म्हणाल्या, "तुझ्या आईला काय सांगायचं गं?" खरं सांगायचं तर मला त्या दिवशी काही फार वाईट वाटलं नाही. भेंड्यांत आमची बाजू जिंकली होती.

घरी पोचले ती संध्याकाळची वेळ. आईने मला न्हायला पाणी काढलं, पाटावर बसवलं, फणसाची भाजी, भात, सोलकढी वाढली. प्रवासाचं एक अक्षर विचारलं नाही. मी आईला नीट बघितलं. तिच्या गालाची हाडं वर आली होती. ती गेली असती तर ज्यांना नको म्हणून सांगायचं होतं, ते पाहुणे तिने घेतले होते, दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या. माझं जेवून झालं, तिने ताट उचललं, हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसली. लहान मुलं गोष्ट ऐकायला बसतात तशी.

"धरलास?" ती म्हणाली.

मी काय सांगणार होते ते मी गाडीत ठरवलेलं होतं. दरड, गाड्यांची रांग, सगळं. पण तिचा चेहरा बघितला आणि मी म्हणाले, "हो."

"कसा लागतो?"

"थंड."

"थंड तर लागनारच गो." ती हसली. "आनखी सांग."

मग मी बाईंनी आगगाडीत सांगितलेलं सगळं तिला माझं म्हणून सांगितलं. आधी थंड लागतो, मग हात भाजल्यासारखा होतो. बोटं लाल होतात. मुठीत दाबला की बारीक करकर आवाज येतो, मीठ दाबल्यासारखा. आई उठली, खड्या मिठाच्या बरणीत हात घातला, मूठ कानाशी धरून दाबली. "असा?"

"असाच," मी म्हणाले.

तिने डोळे मिटले होते. मीठ परत बरणीत टाकलं, आणि पडवीत गेली. मी ऐकलं, ती आजोबांना भरवता भरवता सांगत होती, "मामंजी, आपल्या शालूनं बर्फ हातात धरलान."

पुढचं सगळं त्या एका ‘हो’मधून येत गेलं. बाईंनी पाठवलेला तो कोटातला फोटो आईने पाहुण्यांच्या खोलीत भिंतीला लावला. येणाऱ्या प्रत्येकाला ती तो दाखवी आणि सांगे. माझ्यापेक्षा ती छान सांगायची. मी न सांगितलेल्या गोष्टी त्यात येऊ लागल्या होत्या, बर्फावर पडलेलं ऊन, पायाखाली येणारा आवाज. मी त्या वेळी मागे परसात निघून जायची. डिसेंबरात बाई यायच्या होत्या त्या दिवशी मी कॉलेज बुडवून थांब्यावर जाऊन उभी राहिले, आणि त्या उतरल्याबरोबर सगळं सांगून टाकलं. बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "हे काय करून बसलीस?" त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्या चष्मा पुसत राहिल्या. "मी खोटं बोलणार नाही. विचारलं नाही तर सांगणारही नाही. पण पुढच्या मेमध्ये मी तिला घेऊन जाते, म्हणजे हे आपोआप मिटेल."

आईने विचारलंच नाही. आपल्या मुलीने सांगितलेलं दुसऱ्या कोणाला विचारून बघावं, हे तिच्या मनात येणं शक्य नव्हतं.

पुढच्या मेमध्ये आजोबांना जास्त झालं होतं. त्याच्या पुढच्या मेमध्ये बाईंचे यजमान गेले आणि त्या मुलाकडे लांब राहायला गेल्या, पत्रं हळूहळू थांबली. आजोबा त्यानंतर तीन वर्षांनी गेले. शेवटचं वर्षभर मी त्यांचं सगळं केलं, आंघोळ, सगळं. ते माझ्याकडे न बघता छताकडे बघत राहायचे. ते गेल्यावर एक वर्ष घरात सुतकासारखंच गेलं. मग माझं लग्न, मग माझं पहिलं बाळंतपण आणि दुसरं, दोन्हींना आई. तिला साखर आहे हे आम्हाला उशिरा कळलं. नजर अधू होत गेली तेव्हा ती म्हणायची, चुलीच्या धुराने होतं. आम्ही तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, दोन वर्षं आधी आणायला हवं होतं. वडील वारल्यानंतर मी तिला रत्नागिरीला माझ्याकडे आणलं तेव्हा तिला उजेड कुठे आहे एवढंच कळत होतं.

माझे यजमान बोलायला कमी, पण मनाचे मोठे. एका दुपारी आम्ही मागच्या दारी बसलो होतो. आई सुपात लसूण घेऊन सोलत होती. हे काम तिला डोळ्यांशिवाय जमायचं. यजमान एकदम म्हणाले, "आई, या मेमध्ये आपण जाऊ या मनालीला. विमानाने जाऊ, दगदग होणार नाही. दिसत नाही म्हणून काय झालं? हातात तर धरता येईल. तुम्हाला हातातच धरायचा होता ना?"

मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा क्षणभर तसा झाला, जसा त्या संध्याकाळी पाटासमोर झाला होता. मग ती हसली. "मला कशाला आता? मला सगळा ठाव हाय. शालूनं धरलान की. मुठीत धरला की करकर वाजतो. तो काय वेगळा लागनार हाय मला? तुमी पोरांना घेऊन जा."

यजमानांनी परत आग्रह केला. ती परत तेच म्हणाली. आणि मला तेव्हा दिसलं, की मी तिला दिलेला तो बर्फ तिच्या वाटेत आडवा पडलेला आहे. तो मी काढून घेतला, तर ती येईल. एवढाच माझा विचार होता. निदान मला तसंच वाटलं. इतक्या वर्षांचं ओझं खाली ठेवायचं होतं म्हणून मी बोलले, असं कोणी म्हणालं तर मी भांडणार नाही.

"आई," मी म्हणाले, "मी धरला नव्हता."

तिची बोटं लसूण सोलतच राहिली.

"वाटेत दरड कोसळली होती. आम्ही वर पोचलोच नाही. मी तुला खोटं सांगितलं. म्हणून म्हणते, चल. आपण दोघी पहिल्यांदाच धरू."

"फोटोतला कोट?" तिने विचारलं.

"भाड्याचा. वाटेवर मिळत होता."

"नि करकर वाजतो ता?"

"ते बाईंनी सांगितलेलं."

 यजमान उठून आत गेले. नारळीच्या झापावर कावळा बसला होता, त्याचा आवाज येत होता. आईने सुपातल्या पाकळ्या चाचपून एका बाजूला केल्या, सालं दुसऱ्या बाजूला. मला वाटलं ती रागावेल. तिने रागवावं असं मला फार वाटत होतं. तिने मान माझ्या दिशेने वळवली, पण मी बसले होते त्याच्या थोडी पलीकडे, आणि तिथे बघत म्हणाली,

"मग मी घरी कशाला ऱ्हायले गो?"

आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. तिला खरोखरच कळत नव्हतं आणि ती मला विचारत होती.   मी म्हणाले, "आता जाऊ या ना आई." ती मांडीवरची सालं झटकत म्हणाली, "नको." दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही नको. यजमानांनी परस्पर चौकशी करून तारखा आणल्या, तर ती त्यांना म्हणाली, "जावईबापू, माझा ता सरला." एवढ्या नीट, एवढ्या मायेने म्हणाली की त्यांनी परत विषय काढला नाही.

त्यानंतर ती चार वर्षं होती. माझ्याशी पहिल्यासारखीच वागायची. माझा पाय मुरगळला तर लेप लावून द्यायची, नातवंडांना तिच्या कुशीत झोपायला आवडायचं. पण कोणी नवं माणूस घरात आलं तर ती विचारायची, "बरा हाय ना सगळा?" कुठून आलात, हे तिने परत कोणालाच विचारलं नाही. पुळ्याचं घर आम्ही भाड्याने दिलं तेव्हा मी तिथला तो फोटो काढून आणला. तो कुठे ठेवलाय, हे तिने विचारलं नाही.

आता नातवंडं मोबाइलवर मला बर्फाची दृश्यं दाखवतात. माणसं त्यात लोळत असतात, एकमेकांवर फेकत असतात. आज्जी, तू कधी जाणार, म्हणतात. मी म्हणते, गुडघे दुखतात. ते खोटं नाही, म्हणून म्हणते.

आई जायच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या वहिनी मनालीहून जाऊन आल्या. आईसाठी सफरचंदं घेऊन आल्या आणि तिच्याजवळ बसून उत्साहाने सांगायला लागल्या. मी चहा घेऊन बाहेर आले. वहिनी हसत आईला म्हणाल्या, "तुम्हाला काय सांगायचं म्हणा! तुमच्या शालूताई तेव्हाच जाऊन आल्या होत्या ना? तुम्हीच सांगायचात, बर्फ हातात धरलेला."

आईने सफरचंद हातात फिरवलं, देठाची जागा अंगठ्याने शोधली.

"नाय वो," ती म्हणाली. "आमच्यातला कोणच नाय गेला."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप त्यांच्यापुढे ठेवले आणि आत गेले.